वाट सोडून माहुलीच्या माथ्यावर

फाल्गुन महिन्यांत ठाणें जिल्ह्यांतील माहुलीचा डोंगर पाहण्यासारखा असतो. आसनगांव स्थानकावर उतरलें कीं त्याचे सुळके दिसूं लागतात. उंची सुमारें २,८०० फूट. म्हणजे फारशी नाहीं. तथापि माथ्यावरचें रान इतकें दाट आहे कीं, तेथें पोंचल्यावरही आपण शिखरावर आहों असें वाटत नाहीं. त्या रानांत गेल्या फाल्गुनांत आम्हीं वाट सोडली, व त्यामुळें डोंगराच्या घडणीविषयीं जें कळलें तें येथें सांगतों.

नेहमींची वाट पायथ्याच्या देवळापासून निघून सोंडेनें चढते व कड्याशीं लोखंडी शिडीनें गडावर जाते. तेथवर सांगण्यासारखें विशेष नाहीं. पुढें सर्वांत उंच जागा गांठावयाची म्हणून आम्ही पायवाट टाकून झाडींत शिरलों. अशा कामास हा काळ सोईचा. पानें गळालेलीं असतात, त्यामुळें पावसाळ्यांत मुळींच ओळखूं न येणारी डोंगराची धार खोडांमधून स्पष्ट दिसते. पळस व पांगारा फुललेले असतात. त्यांच्या तांबड्या खुणा लक्षांत ठेवणें आम्हांस सोपें वाटलें. (रानांत पळस एकच नसतो, हें मागाहून ध्यानांत आलें.)

चढणें सोपें गेलें, पण तें आमचें कौशल्य नव्हे. डोंगराच्या सर्व धारा वरती एकत्र येतात. म्हणून कोणतीही धार धरून चढलें तरी मनुष्य शेवटीं माथ्याकडेच जातो. उतरतांना हेंच उलट होतें. एका धारेच्या दोन होतात, दोहोंच्या चार, आणि आरंभीं त्यांच्या दिशांत इतका थोडा फरक असतो कीं तो पायांस जाणवत नाहीं. आम्ही तेथेंच चुकलों. पाव तास पाचोळ्यावरून घसरत उतरल्यावर पुढचा मुलगा एकाएकीं थांबला. त्याच्यापुढें कारवीच्या वाळल्या काठ्या होत्या, आणि काठ्यांच्या पलीकडे कांहींच नव्हतें.

एवढा कडा लपून कसा राहतो? सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक सांचले, त्यांतून हा सह्याद्रि कोरला गेला. कठीण थराचा उभा कडा होतो. मऊ थर झिजून त्याचा उतार होतो, तेथें माती सांचते व रान वाढतें. म्हणून हा डोंगर जिन्यासारखा आहे. वरून पाहणाऱ्यास मात्र या पायरीवरचे शेंडे व खालच्या पायरीवरचे शेंडे एकाच रानाचे वाटतात. मधली उंची दिसत नाहीं. इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजे मोगल व आदिलशाही फौजांपुढें या गडाच्या आश्रयास आले, तेव्हां त्यांचा भरंवसाही याच कड्यांवर असावा.

वाट चुकल्यास ओढा धरून उतरावें, तो गांवाकडे नेतोच, असें पुष्कळ लोक सांगतात. सपाट मुलखांत तें खरें असेल. येथें फाल्गुनांतला कोरडा ओढा म्हणजे बहुधा कोरडा धबधबा. पावसाळ्यांत जेथें पाणी उडी घेतें, तेथेंच तो आपणांस आणून सोडतो. आम्हांसही तो मोह झाला होता.

उपाय एकच, आणि तो कष्टाचा : पुन्हां वर चढणें. उरलेलें पाणी घोट घोट वांटून घेतलें. पाचोळ्यांत आमच्याच घसरण्याचे ओरखडे उठले होते, ते पाहत मागें चढलों, मूळ धार गांठली व शिडी सांपडेपर्यंत ती सोडली नाहीं. शिडी उतरलों तेव्हां खालीं गांवांत दिवे लागले होते.