पू अस्वलाच्या हाती हातोडा

ए. ए. मिल्न यांच्या १९२६ च्या ‘विनी-द-पू’चा अमेरिकेतला स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२२ ला संपला आणि सव्वा वर्षाच्या आत ते गोंडस अस्वल हातोडा घेऊन पडद्यावर हजर! ‘ब्लड अँड हनी’ या भयपटाचा (२०२३) खर्च एक लाख डॉलरच्या आत, जगभरची कमाई सुमारे ५० लाख. लाल सदरा डिस्नेचा, म्हणून वर्ज्य. टिगर वाघ १९२८ च्या पुस्तकातला, त्यामुळे तोही पुढच्या भागापर्यंत ताटकळला. कायद्याची ही कसरत पटकथेपेक्षा जास्त रंगतदार आहे. खरी मजा पोस्टरपुरतीच. मुखवटा इतका रबरी की चेहऱ्यावरची रेषही हलत नाही आणि मरणाऱ्या मुलींची नावंही लक्षात राहत नाहीत. ‘सर्वांत वाईट चित्रपट’ धरून पाच रॅझी पुरस्कार मिळाले. तरी २०२४ मध्ये दुसरा भाग आलाच. त्यातला मुखवटा मात्र बरा होता.