शिंजिराचे नाव आणि एक कंस

वसईच्या वाड्यांत केळफुलाला लटकून मध पिणारा चिमुकला पक्षी दिसला, की हल्ली मुले त्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो आणि तो पाकोळीच्या नात्यातला. आपला शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, चिमणी-कावळ्यांच्या मोठ्या गणात मोडतो. लांब चोच व मध शोषणारी जीभ दोघांकडेही आहे. पण ती फुलांवर जगताना स्वतंत्रपणे घडली.

सह्याद्रीच्या जंगलांत याच कुळातला एक अगदी लहान शिंजीर राहतो. नराची पाठ किरमिजी, लांबी दहा सेंटिमीटरहूनही कमी. पश्चिम घाटाबाहेर तो आढळत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तीत त्याला ‘सिनिरिस मिनिमा’ म्हटले. लॅटिनमध्ये मिनिमा म्हणजे सर्वांत लहान.

आज ग्रंथांत त्याचे नाव ‘लेप्टोकोमा मिनिमा (साइक्स, १८३२)’ असे छापतात. यातला कंस शोभेचा नाही. नाव ठेवणाऱ्याने पक्षी ज्या प्रजातीत घातला, तिथून तो पुढे दुसरीकडे हलवला गेला, एवढे तो कंस सांगतो. मधल्या काळात तर बरेचसे शिंजीर ‘नेक्टारिनिया’ या एकाच प्रजातीत होते. प्रजाती बदलली, की विशेषणाचे लिंगही बदलते: जांभळा शिंजीर ‘नेक्टारिनिया एशियाटिका’ होता, तो ‘सिनिरिस एशियाटिकस’ झाला. काळा घोडा, काळी घोडी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नवे नाही.

घर कितीदा बदलले, तरी पहिले नाव कुणी व कधी दिले याची नोंद शास्त्र नियमाने जपते. बोलीतल्या नावांना असा नियम नाही. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोशात अशी नावे गोळा केली, म्हणून कितीतरी टिकली. मी वाड्यांतून नावे विचारत फिरतो, तेव्हा आजी एक नाव सांगते आणि नातू ‘हमिंगबर्ड’ म्हणतो. नातवाचा शब्द अशा पक्ष्याचा, जो या केळीवर कधी बसलाच नाही. आजीचे नाव मात्र कुठल्याही कंसात उरणार नाही. ते आपणच लिहून ठेवले पाहिजे.