सुरतेची वखार आणि जर्मन ‘फाब्रिक’

परकी भाषा शिकताना कठीण शब्द फारसे दगा देत नाहीत. असा शब्द अडला की आपण मुकाट्याने शब्दकोश उघडतो. खरा दगा देतात ते सोपे शब्द. ते आपल्याला येतात अशी आपली खात्री असते आणि म्हणून आपण कोशाकडे वळतच नाही. अशाच एका सोप्या शब्दाने सुरतेत माझी फजिती केली. जर्मन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या दोघांनाही ती हकीकत उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

माझे मेहुणे सुरतेला उधना भागात राहतात. खानदेशातून तेथे गेलेली मराठी कुटुंबे त्या भागात पुष्कळ आहेत. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळाही सुरतेत आहेत. मेहुण्यांच्या ओळखीच्या एका मागवाल्याकडे एक जर्मन यंत्रज्ञ यायचे होते. दुभाषा म्हणून मला बोलावणे आले. दिवसभर आम्ही मागांच्या खडखडाटात हिंडलो. यजमान इंग्रजीत ‘फॅक्टरी’ म्हणत, मी जर्मनमध्ये ‘फाब्रिक’ म्हणे, आणि सारे सुरळीत चालले होते.

संध्याकाळी पाहुण्यांना शहर दाखवायला निघालो. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. जॉर्ज आणि क्रिस्टोफर ऑक्झेंडन या भावांची भव्य थडगी तेथे आहेत. हे लोक येथे कशाला आले होते, असे पाहुण्यांनी विचारले. मी इंग्रजी पुस्तकांतले वाक्य आठवून ऐटीत उत्तर दिले, “१६१३ साली इंग्रजांनी येथे आपली फाब्रिक उघडली.”

पाहुणे चकित झाले. त्यांनी खिशातून वही काढली. “१६१३? आमच्याकडे राटिंगनला ब्रुगेलमानने सूतगिरणी काढली ती १७८३ मध्ये. युरोप खंडावरचा तो पहिला आधुनिक कारखाना समजतात. म्हणजे इंग्रजांनी हिंदुस्थानात त्याच्या एकशे सत्तर वर्षे आधी कापडाचा कारखाना काढला होता? यंत्रे कसली होती? पाण्यावर चालत का?”

मला उत्तर सुचेना. राटिंगनच्या त्या गिरणीचे नाव क्रॉमफर्ड. इंग्लंडात आर्कराइटने १७७१ साली ज्या गावी आपली पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली, त्या गावावरून ते ठेवले आहे. मग १६१३ साली सुरतेत कसला कारखाना असणार? मी माहिती खरी दिली होती, पण शब्द खोटा वापरला होता.

आता हा शब्द नीट पाहू. ‘फॅक्टरी’च्या मुळाशी ‘करणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. त्यावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा, आणि पुढे व्यापारात दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा. आपल्याकडे त्याला गुमास्ता किंवा अडत्या म्हणता येईल. असे गुमास्ते परमुलखात जेथे राहत आणि व्यापार पाहत ती जागा म्हणजे ‘फॅक्टरी’. पोर्तुगीजांचा ‘फेइतोरिया’ हा शब्द याच कुळातला. वस्तू तयार करण्याची जागा हा दुसरा अर्थ. यंत्रयुगात त्याचा जोर इतका वाढला की पहिला अर्थ केवळ इतिहासाच्या पुस्तकांत उरला.

सुरतेच्या ‘फॅक्टरी’त इंग्रज काय करीत होते? गलबते वाऱ्यावर चालत. मोसमी वारा जसा असेल तसे यायचे आणि तसेच परतायचे. जहाज बंदरात उभे असताना माल घ्यायला निघाले तर भाव चढणार हे उघड आहे. म्हणून कंपनीचे काही लोक वर्षभर येथेच राहत. ते दलालांमार्फत विणकरांना आगाऊ रक्कम देत, माल स्वस्त असताना घेत, तपासत, गाठोडी बांधत आणि जहाज येईपर्यंत साठवीत. सुरत, भडोच, अहमदाबाद येथले कापड आणि सरखेजची नीळ हा त्यांचा मुख्य माल. पैसा कमी पडला तर वीरजी व्होरासारख्या सुरतेच्या सावकाराकडून कर्ज काढीत. कचेरी, कोठार आणि राहते घर एकाच आवारात होते. तेथे विकत घेणे होते, मोजणे होते, लिहिणे होते. विणणे मात्र नव्हते.

जर्मन भाषेने या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द दिले आहेत. माल तयार होतो ती ‘फाब्रिक’. गुमास्ते राहतात ती ‘फाक्टोराय’. ‘आय’ हा प्रत्यय जर्मनमध्ये बहुधा धंद्याची जागा दाखवतो. ‘बेकर’ म्हणजे पाव भाजणारा, त्याची जागा ‘बेकराय’. ‘वेबर’ म्हणजे विणकर, त्याची जागा ‘वेबेराय’. तसाच ‘फाक्टोर’ आणि त्याची ‘फाक्टोराय’. म्हणजे सुरतेची वखार ही ‘फाक्टोराय’, आणि मेहुण्यांच्या स्नेह्यांचे मागघर ही ‘फाब्रिक’ किंवा ‘वेबेराय’. इंग्रजीत एका शब्दाने भागते म्हणून जर्मनमध्येही भागेल असे मी धरून चाललो, तेथेच चुकलो.

मौज अशी की या वखारीत एक जर्मन माणूस खरोखरच राहून गेला आहे. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्सलो हा तरुण १६३८ साली इराणमार्गे सुरतेला आला आणि इंग्रजांचा पाहुणा म्हणून राहिला. पुढे त्याचे प्रवासवर्णन ओलेआरियसने १६५८ साली प्रसिद्ध केले. त्यात वखारीतली दिनचर्या येते. ठरलेल्या वेळी प्रार्थना, ज्याला त्याला नेमून दिलेले काम, प्रमुखाबरोबर पंगत असे ते वर्णन आहे. ते वाचताना आपल्याला एखादे वसतिगृह आठवेल, गिरणी आठवणार नाही.

गोंधळात आणखी भर घालतो तो ‘फॅब्रिक’ हा इंग्रजी शब्द. इंग्रजीत तो म्हणजे कापड. जर्मनमध्ये जवळजवळ त्याच उच्चाराचा ‘फाब्रिक’ म्हणजे कारखाना. दोन्हींचे मूळ एकच, कारागीर या अर्थाच्या लॅटिन शब्दात. इंग्रजीने कारागिराने केलेल्या वस्तूला ते नाव दिले, जर्मनने त्याच्या कामाच्या जागेला. जर्मनमध्ये कापडाला ‘श्टोफ’ किंवा ‘गेवेबे’ म्हणायचे. सुरतेच्या व्यापाऱ्याने नमुन्यांच्या पुस्तकावर कापड म्हणून ‘फाब्रिक’ असे जर्मनमध्ये छापले, तर तो पाहुण्यापुढे कारखानाच विकायला ठेवील!

अशा वेळी मराठी विद्यार्थ्याजवळ एक चांगले साधन असते, ते म्हणजे त्याची स्वतःची भाषा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘इंग्रजांचा कारखाना’ असे कोणी लिहीत नाही, ‘इंग्रजांची वखार’ असेच लिहितात. सुरतेची, राजापूरची, कारवारची, हुबळीची ती वखारच. गुजरातीत तिला कोठी म्हणतात. मराठीने जो भेद राखला तोच जर्मनने राखला आहे. इंग्रजीतून थेट जर्मनमध्ये उडी घेण्याऐवजी मी मनात क्षणभर मराठीत थांबलो असतो तर चूक झालीच नसती.

पण मराठीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. लाकडाची वखारही आपण वखारच म्हणतो. धान्य साठवणारे वखार महामंडळ तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे जर्मनमध्ये ‘लागर’, म्हणजे कोठार, हा शब्द हवा. ‘कारखाना’ शब्दाचीही तीच गोष्ट. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे घर. शिवकालीन अठरा कारखान्यांत पीलखाना, नगारखाना, जवाहिरखाना ही खाती येत. त्यांचे भाषांतर ‘फाब्रिक’ केले तर पीलखान्यात हत्ती तयार होत होते असे जर्मन वाचकाला वाटेल. कंपनीच्या नोकरांतला ‘रायटर’ही असाच. तो होता कारकून, जर्मनमध्ये ‘श्रायबर’. त्याला ‘श्रिफ्टश्टेलर’ म्हटले की तो ग्रंथकार होऊन बसतो.

कोणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला? माझ्या मते प्रश्न श्रेयाचा आहे. पाहुण्यांच्या वहीत त्या संध्याकाळी असे टिपले गेले होते की इंग्रजांनी १६१३ साली सुरतेत कापडाचा कारखाना काढला. ते वाक्य तसेच जर्मनीला गेले असते, तर वाचणाऱ्याची समजूत झाली असती की कापड करायला इंग्रजांनी आपल्याला शिकवले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कापड येथल्या विणकरांचे होते, ते त्यांच्या घरच्या मागांवर निघत होते, आणि तेच घ्यायला इंग्रज, वलंदेज, फ्रेंच असे सारे समुद्र ओलांडून येत होते. जर्मनमध्ये सुती कापडाच्या एका जातीला ‘कालिको’ म्हणतात, ते नाव आपल्या कालिकत बंदरावरून गेले आहे. यंत्राची कापडगिरणी मुंबईत आली ती कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीमुळे. एका चुकीच्या शब्दाने मी गुजरातच्या विणकरांचे कापड त्यांच्या मागावरून काढून गिऱ्हाइकाच्या हाती दिले होते.

विद्यार्थ्यांनी यावरून एक सवय लावून घ्यावी. अनेक अर्थांचा शब्द आला की तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य कोणत्या काळाविषयी आहे? त्या जागी माणसे प्रत्यक्ष काय करीत होती? आणि मी योजलेला शब्द वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर धुराडे आणि यंत्रे असे आले, आणि दुसऱ्याचे चोपड्या आणि गाठोडी असे आले, तर शब्द बदलावा. कोश अर्थांची यादी देतो. त्यांतला कोणता घ्यायचा हे संदर्भ सांगतो, आणि संदर्भ कळायला थोडा इतिहास वाचावा लागतो.

माझी चूक ध्यानात आली ती रात्री जेवताना. पाहुण्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी स्टेशनवर गेलो आणि गाडी सुटण्यापूर्वी त्यांना म्हणालो, “कालचा शब्द दुरुस्त करा. फाब्रिक नव्हती, फाक्टोराय होती.” ते हसले. “म्हणजे ते येथे कापड करायला नव्हे, कापड न्यायला आले होते,” असे म्हणत त्यांनी वही उघडली, कालची ओळ खोडली आणि वर नवा शब्द लिहिला. एवढे झाल्यावर मी निश्चिंत मनाने घरी परतलो.