वाग्दत्ता की विवाहिता? अमेरिकन नागरिकाशी होणारा विवाह आणि व्हिसाच्या मार्गाची निवड

भारतात राहणाऱ्या व्यक्तीचा विवाह अमेरिकन नागरिकाशी ठरला, म्हणजे तिला त्या देशात कायमच्या वास्तव्यासाठी जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग उपलब्ध असतात. वाग्दत्त वधू किंवा वर म्हणून जावयाचे आणि विवाह तेथे करावयाचा, हा पहिला मार्ग. त्याच्या व्हिसास के-१ अशी संज्ञा आहे. विवाह आधी करावयाचा आणि पत्नी किंवा पती म्हणून जावयाचे, हा दुसरा मार्ग. त्याचा व्हिसा विवाहाच्या वयानुसार सीआर-१ किंवा आयआर-१ ह्या नावाने दिला जातो. ह्या दोहोंपैकी लवकर कोणता मिळतो, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. हा प्रश्न निरर्थक नाही. परंतु त्याला मिळणारे अग्रस्थान मात्र अनाठायी आहे. लग्नासाठी देशांतर करणारी व्यक्ती मधला काळ कोठे घालविते, कोणत्या दर्जाने घालविते आणि त्या काळात तिचे हक्क कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहतात, ह्या गोष्टींचा विचार आधी व्हावयास पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने दोन्ही मार्गांची तुलना केली आहे. सोयीसाठी भारतातील व्यक्तीचा उल्लेख वधू असा केला आहे. वरालाही नियम तेच लागू आहेत.

ह्या व्यवस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे उचित होईल. विवाह आणि नागरिकत्व ह्यांचा संबंध अमेरिकन कायद्यात फार काळ वंशभेदाने ग्रासलेला होता. १९२२ च्या केबल कायद्यान्वये, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावीत असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांस अपात्र ठरविल्यावर ही आपत्ती भारतीयांच्या अमेरिकन पत्नींवर कोसळली. क्रांतिकारक तारकनाथ दास ह्यांच्या पत्नी मेरी ह्यांचे नागरिकत्व असेच गेले. १९३१ च्या दुरुस्तीने हे कलम दूर झाले आणि २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांस नागरिकत्वाचा हक्क व वर्षास शंभर जणांचा प्रवेश मिळाला. योगायोग असा की, त्याच्या तीनच दिवस आधी, २९ जून १९४६ रोजी, परदेशांत सेवा केलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वाग्दत्त वधूंना तीन महिन्यांसाठी प्रवेश देणारा कायदा संमत झाला होता. तो तात्पुरता होता. ७ एप्रिल १९७० च्या दुरुस्तीने के-१ हा वर्ग कायमचा निर्माण झाला. आजची नव्वद दिवसांची मुदत पाहता त्या जुन्या तीन महिन्यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

के-१ साठी अर्ज करण्याचा अधिकार केवळ अमेरिकन नागरिकास आहे. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या स्थायी निवाशास तो नाही. त्याला विवाहानंतर पत्नीसाठी एफ-२ए ह्या, संख्येने मर्यादित अशा वर्गात अर्ज करावा लागतो. नोकरीनिमित्त एच-१बी व्हिसावर राहणाऱ्यांस तर ह्या लेखातील दोन्ही मार्ग बंद आहेत. त्यांच्या पत्नी एच-४ व्हिसावर जातात. पुणे-मुंबईकडील स्थळांच्या बोलण्यात ‘मुलगा अमेरिकेत आहे’ ह्या एका वाक्यात हे तिन्ही दर्जे सामावून जातात, आणि गोंधळाला येथूनच आरंभ होतो.

के-१ चा क्रम असा आहे. नागरिक आय-१२९एफ हा अर्ज करतो. तो संमत झाल्यावर वधूची वकिलातीत मुलाखत होते. व्हिसा मिळाल्यावर ती एकदाच प्रवेश करू शकते. आणि प्रवेशापासून नव्वद दिवसांच्या आत तिला त्याच व्यक्तीशी विवाह करावा लागतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. विवाह झाल्यावरही ती आपोआप स्थायी निवासी होत नाही. त्यासाठी आय-४८५ हा दर्जाबदलाचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याचा निकाल लागेपर्यंतचा काळ हाच ह्या मार्गाचा खरा कसोटीचा भाग आहे. वाग्दत्तेला प्रवेशानंतर नोकरीचा परवाना मागता येतो, परंतु तो नव्वद दिवसांपलीकडे चालत नसल्याने व्यवहारात निरुपयोगी ठरतो. दर्जाबदलाच्या अर्जाबरोबर नवा परवाना मागावा लागतो आणि तो हाती येईपर्यंत नोकरी करता येत नाही. पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकले, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. आई आजारी पडली म्हणून तातडीने साताऱ्यास यावयाचे झाले, तरी प्रथम परवानगीच्या कागदाची वाट पाहावी लागते.

याहून गंभीर बाब अशी की, के-१ वर आलेल्या व्यक्तीस आपला दर्जा दुसऱ्या कोणत्याही आधारावर बदलून घेता येत नाही. तिला स्थायी निवास मिळू शकतो तो मूळ अर्जदाराशी झालेल्या विवाहाच्याच बळावर. नव्वद दिवसांत त्याने विवाहास नकार दिला, तर परत जाण्यावाचून तिला सामान्यतः गत्यंतर उरत नाही. विवाह मुदतीत आणि प्रामाणिकपणे झाला असेल, तर तो पुढे संपुष्टात आल्याने दर्जाबदलाचा हक्क जात नाही, असे आप्रवासन अपील मंडळाने २०११ मध्ये ठरविले आहे. छळ झालेल्या पत्नीस १९९४ च्या कायद्यान्वये स्वतःच अर्ज करण्याची वाटही आहे. परंतु ही दोन्ही संरक्षणे विवाहितेची आहेत. विवाहापूर्वीच टाकून दिलेल्या वाग्दत्तेला त्यांचा आधार नाही.

दुसऱ्या मार्गात विवाहानंतर नागरिक आय-१३० हा अर्ज करतो. तो संमत झाल्यावर कागदपत्रे राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातात आणि नंतर वधूला मुलाखतीसाठी बोलावणे येते. प्रतीक्षा सामान्यतः अधिक वाटते, आणि नवपरिणितांना ती सागराच्या दोन तीरांवर काढावी लागते. हे दुःख क्षुल्लक नाही. तथापि ज्या दिवशी ती अमेरिकेच्या विमानतळावर उतरते, त्याच दिवशी ती स्थायी निवासी होते. नोकरी, प्रवास, बँकेचे खाते, कशासाठीही वेगळा अर्ज नको. नागरिकत्वासाठी लागणारी तीन वर्षेही त्याच दिवसापासून मोजली जातात; के-१ मध्ये ती दर्जाबदल मंजूर झाल्यापासून सुरू होतात. शिवाय पतीने द्यावयाचे आय-८६४ हे पोषणाचे हमीपत्र येथे प्रवेशापूर्वीच दिलेले असते. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाची ही हमी घटस्फोटाने संपत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. के-१ मध्ये ती दर्जाबदलाच्या वेळी, म्हणजे विवाहानंतरच, येते.

खर्चाचा विचारही ह्याच दिशेने जातो. १ एप्रिल २०२४ रोजी अमलात आलेले आप्रवासन खात्याचे दर आणि त्या वेळचे वकिलातीचे शुल्क धरले, तर के-१ साठी मूळ अर्ज ६७५, व्हिसा २६५ आणि दर्जाबदल १४४० असे २३८० डॉलर होतात; नोकरी व प्रवासाच्या परवान्यांचे शुल्क वेगळे. दुसऱ्या मार्गात छापील अर्ज ६७५, व्हिसा ३२५, हमीपत्राची तपासणी १२० आणि प्रवेशशुल्क २३५ मिळून १३५५ डॉलर लागतात. दर पुढेही बदलणारच. परंतु एका मार्गात दर्जाबदलाचा सबंध टप्पा अधिक आहे, ही रचना तीच राहते. तेव्हा ‘लवकर’ म्हणून जो मार्ग सांगितला जातो, त्यात प्रतीक्षा कमी होत नाही. तिचा एक भाग माहेरच्या घरातून परक्या देशात हलविला जातो, एवढेच. स्वतःची मिळकत आणि व्यवसाय असलेल्या स्त्रीने तो पर्याय पूर्ण विचाराअंतीच स्वीकारावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विवाहाचा दाखला दोन वर्षांहून कमी वयाचा असेल, तर दोन्ही मार्गांत स्थायी निवास प्रथम सशर्त, दोन वर्षांपुरता मिळतो. ही १९८६ च्या विवाह-फसवणूक प्रतिबंधक दुरुस्तीची देणगी होय. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. विवाहास बावीस-तेवीस महिने झाले असता व्हिसा हाती आला, तर त्याच्या मुदतीत राहून दुसरा वाढदिवस उलटल्यावरच प्रवास केल्यास हा सर्व व्याप टळतो.

आता आपल्याकडील विवाहविधीचा ह्या निवडीशी असलेला संबंध पाहू. के-१ साठी दोघेही अविवाहित असले पाहिजेत. हिंदु विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे सप्तपदीचा अंतर्भाव असलेला विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण होतो. नोंदणी हा केवळ पुरावा आहे. विधीवाचून केलेली नोंदणी विवाह निर्माण करीत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. त्याची दुसरी बाजू अशी की, यथाविधी झालेला विवाह नोंदला नाही म्हणून तो न झालेला ठरत नाही. ‘आजीच्या समाधानासाठी येथे लग्न लावू, नोंदणी तेवढी तिकडे करू,’ ही योजना म्हणूनच धोक्याची. साखरपुडा खुशाल करावा. परंतु मुंडावळ्या, अंतरपाट आणि मंगळसूत्र ह्यांची छायाचित्रे जोडून वाग्दत्तेचा व्हिसा मागणे, म्हणजे आपल्याच अर्जाविरुद्ध पुरावा सादर करणे होय.

जोडीदार भिन्नधर्मीय असेल आणि विवाह भारतात करावयाचा असेल, तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ लागू होतो. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य, नोटिशीनंतर आक्षेपांसाठी आणखी तीस दिवस, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द, असा हा हिशेब आहे. पंधरा दिवसांची रजा काढून येणाऱ्या वराने हे आधीच समजून घ्यावे. वराने तिकडे आणि वधूने इकडे दूरदृश्य पडद्यासमोर बसून केलेला विवाह, त्यानंतर पती-पत्नींचा प्रत्यक्ष सहवास झाल्याखेरीज, अमेरिकन आप्रवासन कायदा मानीत नाही.

के-१ साठी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. विवाहापूर्वी भेटणे रूढीने निषिद्ध असलेल्या समाजांसाठी ह्यात सूट आहे. परंतु ती कठोर व दीर्घकालीन रूढी सिद्ध करावी लागते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा-मुलगी समोरासमोर बसतात, त्या समाजाला ही सूट मागण्याचे कारण नाही.

ह्या सर्व विवेचनाचा कल विवाहोत्तर मार्गाकडे आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तथापि दोन परिस्थितींत के-१ सरस ठरतो. वधूला पूर्वविवाहापासून अठरा ते वीस वर्षे वयाचे अविवाहित अपत्य असेल, तर के-१ बरोबर ते के-२ व्हिसावर जाऊ शकते. विवाहोत्तर मार्गात प्रत्येक अपत्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि अपत्य अठरा वर्षांचे होण्यापूर्वी विवाह झालेला नसेल तर सावत्र नाते मानलेच जात नाही. मुलास मागे ठेवून जाण्याची पाळी अशा वेळी निव्वळ मार्ग चुकल्याने येते.

दुसरी परिस्थिती समलिंगी जोडप्यांची. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले, व तो प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला. अमेरिकेत २०१३ पासून आप्रवासनासाठी आणि २०१५ पासून सर्व राज्यांत तो मान्य आहे. तेथील खाते विवाह जेथे झाला त्या स्थळाचा कायदा पाहते, म्हणून तो मान्य असलेल्या तिसऱ्या देशात विवाह करून आय-१३० चा अर्ज करता येतो. परंतु त्यासाठी दोघांनाही त्या देशाचा व्हिसा, पैसा आणि रजा जमवावी लागते. ते ज्यांना शक्य नाही, त्यांच्यापुढे के-१ हाच एक मार्ग उरतो. आणि ज्या मायदेशात त्यांना विवाह करता येत नाही, तेथील मुलाखतीच्या खिडकीपाशी आपला विवाहाचा हेतू त्यांना सिद्ध करावा लागतो.