वीस गाड्या, शंभर शक्यता

दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘संभाव्यता’ हे पाचवं प्रकरण. तिथे नाणी उडतात, फासे पडतात, पत्त्यांच्या कॅटमधून राजा-राणी निघतात. परीक्षेला तेवढं पुरतं. पण प्रकल्प करायचा म्हटला की मुलं तेच नाणं शंभरदा उडवतात. पुष्कळजण तर उडवतही नाहीत, छापा ४९, काटा ५१ असं घरी बसून लिहून टाकतात. उत्तर आधीच ठाऊक असलं तर मोजायचं कशाला? विषय निवडताना माझी कसोटी एकच: मोजणी झाल्यावर आपला अंदाज खोटा ठरू शकेल का?

त्या अर्थाने नाणंही टाकाऊ नाही. छापा वर ठेवून उडवलं तर छापाच वर येण्याकडे किंचित कल असतो, असं गणिती पर्सी डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने नाणी ३,५०,७५७ वेळा उडवून पाहिली. सुरुवातीचीच बाजू ५०.८ टक्के वेळा आली. पण एवढा बारीक फरक शंभर फेकींत हाती लागायचा नाही. शाळकरी प्रकल्पाला ठळक दिसेल असं काहीतरी हवं.

नवी मुंबईत ते रस्त्यावरच आहे. स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये ओळीने उभ्या असलेल्या वीस गाड्या घ्या. एमएच ४३ वगैरे सोडून द्या, नंबर प्लेटचे शेवटचे दोन अंक तेवढे टिपा. ०० ते ९९, शक्यता शंभर. या वीस गाड्यांत निदान दोघींचे अंक जुळण्याची संभाव्यता किती? विचारून पाहा, बरेचजण वीस टक्के म्हणतील. खरं उत्तर सुमारे ८७ टक्के! कारण इथे गाड्या नव्हे, जोड्या मोजायच्या; आणि वीस गाड्यांच्या जोड्या होतात १९०. गणित उलट्या बाजूने सोपं पडतं. एकही जोडी जुळू नये, तर दुसऱ्या गाडीला ९९ पर्याय मोकळे, तिसरीला ९८, विसावीला ८१. या सगळ्यांना शंभराने भागून गुणत गेलं की ०.१३ उरतात.

आता असे पन्नास गट मोजा. ४३-४४ गटांत जोडी सापडायला हवी. चाळीसच सापडले तरी वही फाडू नये, इतकं मागेपुढे होतंच. किती मागेपुढे चालतं हे काढणं हा प्रकल्पाचा पुढचा भाग. पन्नासच्या पन्नास गटांत जोडी आली, तर मात्र शोध घ्यावा. लोक आरटीओत जादा पैसे भरून आवडीचे नंबर घेतात, म्हणजे सगळे अंक समसंभाव्य नाहीत, आणि त्यामुळे जुळण्याची शक्यता वाढतेच. हे मुलाला स्वतःहून सुचलं, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

एनएमएमटीचा थांबा हा दुसरा विषय, आणि मला जास्त आवडणारा. समजा, बस सरासरी वीस मिनिटांनी येते, पण एक अंतर दहाचं, पुढचं तिसाचं. सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात साडेबारा लागतात. कुठल्याही क्षणी थांब्यावर पोचलेला माणूस तीन-चतुर्थांश वेळा लांबच्या अंतरात सापडतो आणि तिथे सरासरी पंधरा मिनिटं उभा राहतो. उरलेल्या वेळी पाचच मिनिटं. आपल्या नशिबी नेहमी उशीरच, ही प्रवाशांची तक्रार गणिताला मान्य आहे. घड्याळ, वही आणि दोन संध्याकाळी एवढं साहित्य पुरे.

सिडकोच्या घरांची सोडत घ्यावी असं घरोघरी सुचवलं जाईल. घरं भागिले अर्ज, इथवर ठीक. पण आरक्षणाचे गट वेगळे आणि २६,००० घरांच्या अलीकडच्या योजनेत तर पसंतीक्रमही होता. एका गटापुरतं करायचं असेल तरच हात घालावा. क्रिकेटची नाणेफेक आणि निकाल हा विषयही मुलांना खुणावतो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकली आणि महिला विश्वचषक भारताने. एका सामन्यावरून काहीच ठरत नाही. शे-दोनशे सामने जमवण्याची तयारी असेल, तर खुशाल घ्या.