टेक : ‘मला’चं काय करायचं?

‘टेक ऑफ’ या आठवड्यात देतो म्हणालो होतो. ते पुढं ढकलतो, कारण पिंपळगाव रेणुकाईहून दहावीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ‘मला भोकरदनला पोचायला एक तास लागला’ याचं तिनं ‘टू मी वन अवर टुक’ केलं. चुकलंय हे तिला कळतं. ‘पण सर, मग “मला”चं काय करायचं?’

फार चांगला प्रश्न आहे. आपल्या वाक्यात कर्ता कोण? मी नव्हे, तास. एक असला तर ‘लागला’, दोन झाले की ‘लागले’. मी आपला कडेला ‘मला’ होऊन उभा. भूक, तहान, ठेच, वेळ, सगळं येऊन आपल्याला लागतं. इंग्रजीत वेळ लागत नाही. काम तो आपल्याकडून घेतं.

म्हणून बाळ, वाक्य आधी मराठीतच फिरव : ‘भोकरदनला पोचण्यानं माझा एक तास घेतला.’ ‘या कामानं अख्खा दिवस घेतला’ असं आपण बोलतोच की! आता ‘घेतला’च्या जागी ‘टुक’ बसतं, त्याला चिकटून नुसतं ‘मी’, ‘टू’ नको. पोचण्याची गोष्ट लांबलचक, ती शेवटी जाते आणि तिची पुढची जागा ‘इट’ धरून ठेवतं, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखं. इट टुक मी ॲन अवर टू रीच भोकरदन.

आणि हे वेळेपुरतं नाही. पिंपळगाव म्हणजे मिरचीचा बाजार, तेव्हा तोडणीचंच घेऊ. ‘हे वावर तोडायला आठ बाया लागतात’ : इट टेक्स एट विमेन टू पिक धिस फील्ड. हिंमत लागते, इट टेक्स करेज. फक्त किंमत विचारताना जपून. ‘तिकिटाला किती लागतात?’ इथं टेक नाही, कॉस्ट. साचा मात्र तोच : इट कॉस्ट मी फिफ्टी रुपीज.

जाता जाता, माझ्या आवडीची गोष्ट. ‘टेक’ मुळात इंग्रजांचं नव्हे. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या ‘ताका’पासून ते आलं. त्याआधी घेण्याला तिथं ‘निमन’ म्हणत. जर्मन ‘नेमेन’ त्याचंच भावंड. ‘टेक’नं ‘निमन’ला हुसकावलं, पण बधीर या अर्थाच्या ‘नम’मध्ये ते अजून जिवंत आहे. नम म्हणजे मुळात ‘घेतलेलं’ : थंडीनं ज्याची जाणीव घेतली ते बोट.

‘मिरची तिखट लागते’ इथं मात्र ‘टेक’ मुळीच चालत नाही. का, ते त्या मुलीनं स्वतः शोधून कळवावं. तोवर मी ‘टेक ऑफ’ लिहायला घेतो.