ल्युपस असला तरी आई होता येतं, पण गोळ्या मनाने बंद करू नका

मैत्रिणींनो, दिवस राहिले की घरात पहिला सल्ला मिळतो, “सगळ्या गोळ्या बंद कर, उष्ण पडतील.” पण जिला ल्युपस आहे तिने हे ऐकलं तर तिच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवाला धोका होऊ शकतो.

ल्युपसमध्ये रोगाशी लढणारी आपली ताकद आपल्याच शरीरावर उलटते. सांधे दुखतात, उन्हात गेलं की चेहऱ्यावर लाल चट्टे उठतात, केस गळतात, सारखा थकवा येतो. कधी किडनीवरही परिणाम होतो. १० रुग्णांत साधारण ९ बायका असतात. हा आजार एकमेकींना लागत नाही.

मूल होतं का? हो, होतं. पण आजार निदान ६ महिने शांत असला पाहिजे. तोवर पाळणा लांबवायचं कोणतं साधन चालेल, तेही डॉक्टरांना विचारा.

आता गोळ्यांचं बघू. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात. ती सोडली तर आजार उसळू शकतो. उलट मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट बाळाला घातक आहेत, म्हणून ती दिवस राहण्याआधीच बदलावी लागतात. म्हणजे मुलाचा विचार आधी डॉक्टरांना सांगायचा, मग पुढचं पाऊल.

ल्युपसमध्ये बीपी वाढणं, गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, बाळाचं वजन कमी असणं हे धोके जास्त असतात. काही जणींच्या रक्तात गुठळ्या करणारे घटक असतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा गर्भपात होतो. त्याची रक्ततपासणी होते, उपचारही आहेत. तेव्हा सुनेला बोल लावण्याआधी तिला तपासणीला न्या.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका. १०८ ला फोन करा. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. त्यानंतरही आजार उसळू शकतो, म्हणून गोळ्या आणि तपासण्या चालू ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी होते. जाताना जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. जायला पैसे नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज मागा, ताई. त्यात लाजायचं काही नाही, गट त्यासाठीच आहे.